गुलाबी तोंड

लहान पोरं असली की घर भरल्यासारखं वाटतं, असं आल्यागेल्याकडून फार ऐकते. ते बोलणारे चहा पिऊन आपल्या घरी जातात. आमचं घर भरलेलं असतं ते सांडलेल्या भातानं, जोडी नसलेल्या चपलांनी आणि रडण्यानं. दोघांतलं एक गप्प बसलं की दुसरं सुरू करतं.

माझं शिक्षण चौथीपर्यंत, तेही पेठला, माहेरी. लग्न होऊन नारायणगावच्या बाजूला या मळ्यात आले आणि इथलीच झाले. मालक जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगा चाकणला कंपनीत आहे, पाळी असेल तसा जातो आणि सुट्टीच्या दिवशी शेतात राबतो. सून घर बघते, गाया बघते, वावरही बघते. तिची दोन पोरं मी बघते. बघते म्हणजे त्यांच्या मागं फिरते. नातू पाच वर्षांचा आहे आणि नात अडीच.

नातीचं एक होतं. जेवायच्या वेळी तोंड मिटायचं आणि बाकी दिवसभर उघडं ठेवायचं. वाटी घेऊन मी तिच्या मागं गोठ्यापर्यंत जायची. सून मोबाईल लावून द्यायची, मग त्यातली मांजरं नाचत असेपर्यंत चार घास जायचे. पण वाटीतला घास नको असलेल्या या पोरीला माती चालायची, खडू चालायचा, गायीची पेंड चालायची. एकदा माझ्या मिश्रीच्या डबीत बोट घालून चाटलं आणि अंगणभर ओकली. मला वाटलं, आता शहाणी झाली. दुसऱ्या दिवशी देवापुढची वात चघळत बसली होती.

नातवाचं वेगळंच. त्याला काहीही विचारा, तो हो म्हणतो. "तू तिला ढकललंस का?" हो. "का तीच पडली?" त्यालाही हो. मोठी माणसं विचारायला लागली की हो म्हटलं म्हणजे लवकर सुटका होते, एवढं त्यानं ओळखलेलं. त्यामुळे घरात एखादी गोष्ट कशी झाली हे आम्हाला कधी नीट कळायचंच नाही.

पाडव्याला मुलानं दोघांना दोन गाठ्या आणल्या, साखरेच्या. दोन्ही गुलाबी. आधीच्या वर्षी एक पांढरी आणि एक गुलाबी आणली तर सण रडण्यात गेला होता, म्हणून या वेळी त्यानं डोकं चालवलं. पोरीनं आपली गाठी गुढी उतरायच्या आत संपवली. नातू मात्र रोज एक पदक चोखायचा आणि तेही तिच्यासमोर उभा राहून. ती मागं लागायची, तो पळायचा, ती आडवी पडून पाय आपटायची. तिसऱ्या दिवशी सून वैतागून म्हणाली, "आण इकडं ती गाठी, दोघांत वाटून टाकते."

"संपली," तो म्हणाला.

खुंटीवर दोरा होता, गाठी नव्हती. आम्ही म्हटलं, बरं झालं, एक कटकट गेली.

त्याच आठवड्यात मुलानं गायांच्या चाऱ्यासाठी मक्याचं बी आणलं. हल्ली बियाला आधीच औषध लावलेलं येतं. गुलाबी भडक, रंगपंचमीच्या पिंपातून काढल्यासारखं. कीड खाऊ नये म्हणून असतं ते. आमच्याकडे मका टोकतात. म्हणजे बाया ओटीत बी घेऊन ओळीनं चालतात आणि दोन बोटांनी दाणा मातीत दाबत जातात. सगळं वावर एका दिवसात झालं नाही. सुनेची बोटं आणि ओटी गुलाबी झाली. घरी आल्यावर साबणानं हात घासल्याशिवाय तिनं पोरीला उचललं नाही. ती काळजी आम्हाला होती, एवढं लिहून ठेवते, नाहीतर वाचणारा म्हणेल यांना अक्कल नव्हती.

उरलेलं बी मुलानं घमेल्यात ओतून आतल्या खोलीत कोपऱ्यात ठेवलं, वर पाटी पालथी घातली. गोठ्यात उंदीर फार आहेत म्हणून खोलीत.

मी म्हटलं, "वर माळ्यावर ठेव."

"उद्याच टोकायचंय आई, कशाला चढउतार." मग त्यानं नातवाला समोर उभं केलं. "हे विष हाय. याला हात लावायचा न्हाई. याच्या जवळपण जायचं न्हाई. कळलं का?"

"हो," नातू म्हणाला.

नात तेव्हा झोपली होती. आणि जागी असती तरी तिला काय सांगणार?

दुसऱ्या दिवशी मुलाला अचानक पहिल्या पाळीला बोलावलं. तो पहाटेच गेला. बी तसंच राहिलं.

सकाळी शेजारच्या वावरात ऊसतोड चालू होती. भाकरी थापत होते तेवढ्यात आरडाओरडा ऐकू आला. तोडकऱ्यांना उसाच्या सरीत बिबट्याची दोन पिल्लं सापडली होती, मांजराएवढी, डोळे नुकते उघडलेली. आमच्याकडे बिबट्याला वाघच म्हणतात. वाघ इथं नवीन नाही. कुत्री जातात, शेळ्या जातात, अंधार पडायच्या आत पोरं घरात घ्यायची हे रोजचं आहे. पण पिल्लं सापडली म्हणजे आई जवळच असणार आणि ऊस तोडल्यामुळे तिला लपायला जागा उरलेली नाही. तोडकऱ्यांनी कोयते टाकून आपली पोरं ट्रॉलीवर चढवली. बांधावरून एकजण ओरडत आला, "पोरं आत घ्या! पोरं आत घ्या!"

सून गोठ्यात होती. तिनं तिथूनच हाक दिली, "आत्या, पोरं!"

मी दोघांना दोन हाताला धरलं. आमच्या पुढच्या दाराची कडी नातवाला काढता येते. आतल्या खोलीला कडी बाहेरून आहे आणि खिडकीला लोखंडी जाळी. वाघ सोडा, मांजर आत जाणार नाही अशी खोली. दोघांना आत घातलं, एक चेंडू टाकला, कडी लावली आणि काठी घेऊन ओट्यावर बसले. घमेलं माझ्या डोक्यात आलंच नाही. डोक्यात वाघ होता.

थोडा वेळ आतून चेंडू आपटल्याचा आवाज येत होता. मग तोही बंद झाला. पोरं गप्प झाली म्हणजे काहीतरी चाललंय, हे मला चांगलं माहीत आहे. पण त्या दिवशी वाटलं, गप्प आहेत तेच बरं.

फॉरेस्टवाले आले. त्यांनी पिल्लं एका कॅरेटमध्ये घालून बांधाच्या सावलीला ठेवली आणि तोड थांबवली. रात्री आई येऊन पिल्लं घेऊन जाते, तोपर्यंत कुणी तिकडे फिरकू नका म्हणाले. गडबड शांत झाली. मी जाऊन कडी काढली.

घमेलं आडवं झालं होतं. खोलीभर गुलाबी मका सांडलेला. आणि त्याच्या मधोमध आमची नात फतकल मारून बसलेली. हात गुलाबी, हनुवटी गुलाबी, ओठ गुलाबी. माझ्याकडे बघून हसली तर दातही गुलाबी.

मी खाली बसून तिची हनुवटी धरली.

"काय खाल्लंस गं?"

"खाऊ," ती म्हणाली.

नातू भिंतीला पाठ लावून उभा होता.

"हिनं बी खाल्लं का रे?"

"हो."

"किती?"

"लई," असं म्हणून तो रडायलाच लागला.

माझी हाक ऐकून सून धावत आली. ती ओरडली नाही, रडली नाही. पोरीला मांडीवर आडवी घेतली, तोंडात बोट घालून गालफाडातून फिरवलं. दाणा निघाला नाही. बोट मात्र गुलाबी निघालं. दाणा नाही म्हणजे खाल्लाच नाही, का गिळला? ते कुणाला कळणार?

तेवढ्यात शेजारीण आली. तिला आमच्या घरातलं आमच्या आधी कळतं. तिनं स्वयंपाकघरात शिरून ग्लासभर पाण्यात मूठभर मीठ कालवलं. "पाज हिला. ओकू दे सगळं. पाज लवकर."

"काय पाजायचं न्हाई," सून म्हणाली. "इषारी काय खाल्लं तर घरी ओकाय लावायचं न्हाई, अंगणवाडीत सांगितलंय."

"अंगणवाडीवाली काय डाक्टरीण हाय का? आमी न्हाई का पोरं वाढिवली?"

दोघी माझ्याकडे बघायला लागल्या. मी शेजारणीच्या हातातून ग्लास घेतला आणि मोरीत ओतला. त्यातलं मला काही कळत होतं असं नाही. पण पोर सुनेची होती.

"बघा बाई तुमचं तुमी," शेजारीण म्हणाली. पण बाई चांगली आहे. तिनं नातवाला कडेवर घेतलं, पाच वर्षांच्या घोड्याला, आणि म्हणाली, "जावा तुमी, ह्याला मी बघते."

सुनेनं जाताजाता कोपऱ्यातली बियाची रिकामी पिशवी उचलून काखेत मारली.

रस्त्याला एक पिकअप उभी होती. जुन्नरचा मुसलमान आहे तो, आमच्या भागातला माल नारायणगावच्या मार्केटला नेतो. रिकामी कॅरेट उतरवत होता. आम्हाला पळत येताना बघून त्यानं विचारलंसुद्धा नाही, फक्त दार उघडलं.

"भाऊ, पोरीनं मक्याचं बी खाल्लंय, औषिधाचं."

"बसा मावशी." मागचा फाळका नीट न लावताच त्यानं गाडी सोडली. मागून दोन कॅरेट रस्त्यावर पडली. मी सांगितलं तर म्हणाला, "पडू द्या."

नात गाडीत बसल्यावर खूश झाली. तिनं हॉर्न वाजवायला हात घातला. रस्त्यानं जाणाऱ्या बायांना टाटा केला. सून तिच्या तोंडाकडे असं बघत होती की डोळा मिटला तर पोरगी हातातून जाईल. मी मनात म्हटलं, अंगात विष भिनलेली पोर असा टाटा करते का? पण ते बोलून दाखवलं नाही. आपण बोलावं आणि तेवढ्यात पोरीनं मान टाकावी, असं व्हायला नको.

ड्रायव्हर म्हणाला, "काय न्हाई व्हायचं मावशी. माझ्या पोरानं ह्याच वयात रॉकेल पिलं व्हतं. आता दहावीला हाय."

"हुशार हाय का?"

"न्हाई ओ. पण जिवंत हाय."

पुढे उसाच्या दोन ट्रॉल्या लावलेला ट्रॅक्टर रस्ता अडवून वळत होता. ड्रायव्हरनं खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढून त्याला जी शिवी दिली ती मी इथं लिहीत नाही. पण तेव्हा ती ऐकून मला बरं वाटलं.

दवाखान्यातली डॉक्टरीण वयानं सुनेएवढीच होती. तिनं आधी पिशवी मागितली. सुनेनं काखेतली काढून दिली. डॉक्टरणीनं मागं बारीक अक्षरात लिहिलेलं वाचलं, कुणाला तरी फोन केला, मग पोरीचे डोळे, छाती, पोट तपासलं. लाळ जास्त गळते का, ओकली का, अंग थरथरलं का, विचारलं. घरी काही पाजलं का, तेही विचारलं.

"न्हाई," सून म्हणाली.

"बरं केलंत. तसं करायचं नसतं."

  सुनेनं एकदा माझ्याकडे बघितलं.

"आत्ता तरी काही दिसत नाही," डॉक्टरीण म्हणाली. "पण खाल्लं असेल तर उशिरानंही त्रास होऊ शकतो. संध्याकाळपर्यंत इथंच ठेवू." पोरीच्या हाताला सुई लावली तेव्हा तिनं सगळा दवाखाना डोक्यावर घेतला. एरवी ती अशी ओरडली की मी कानावर पदर घेते. त्या दिवशी म्हटलं, ओरड बाई, जोर आहे तोवर ओरड.

सुनेनं मुलाला फोन लावला. त्याचा आवाज फोनमधून बाहेर मला ऐकू येत होता.

"बी तिथं ठिवलं कुणी?"

सून म्हणाली, "तुमी."



"मग पोरांना तिथं कोंडलं कुणी?"

"मी!" मी फोनजवळ तोंड नेऊन ओरडले. "वाघ आला व्हता."

"वाघ परवडला असता, आई!"

फोन ठेवल्यावर सूनही मला काहीतरी बोलेल असं वाटलं होतं. ती पोरीचं पांघरूण सारखं करत बसली. मलाच राहवलं नाही. मी म्हटलं, "मी त्याला माळ्यावर ठेव म्हटलं व्हतं."

"मग मला सांगायचं. मी ठिवलं असतं."

 आम्ही दोघी पोरीच्या खाटेच्या दोन बाजूंना बसलो. दर थोड्या वेळानं नर्स येऊन बघायची. सून विचारायची, "कशी हाय?" नर्स म्हणायची, "ठीक आहे." ती गेली की सून पोरीच्या नाकासमोर हात धरून श्वास बघायची. मी बघत नाही असं पाहून करायची. मीही तेच करत होते, ती बघत नाही असं पाहून.

दुपारी मुलगा कंपनीच्याच कपड्यांत, ते लोखंडी टोकाचे बूट घालून आला. चाकणपासून गाडी कशी हाणली असेल ते त्याच्या तोंडावर दिसत होतं. पोरगी तेव्हा झोपली होती. ती झोपलेली बघून त्याला काही भलतंच वाटलं आणि तो दारातच भिंतीला धरून उभा राहिला. "झोपलीय रे," मी म्हटलं, "नुसती झोपलीय." मग तो आत आला.  पायाशी बसून पोरीचा पाय हातात धरून ठेवला.

त्यानंतर माझ्या हाताला काहीतरी चावलं. बघते तर मुंगी. तांबडी. खाटेवरून दुसरी चालली होती, तिच्या मागं तिसरी. ओळ पोरीच्या फ्रॉकपर्यंत गेलेली. फ्रॉकला पुढं एक खिसा आहे, शोभेचा. त्यात बोट घातलं तर चिकट काहीतरी लागलं. बाहेर काढलं. गुलाबी डिखळं, चोखून गुळगुळीत झालेलं, मुंग्यांनी भरलेलं.

मी काही म्हणायच्या आत सुनेनं ते घेतलं आणि मुंग्यांसकट जिभेला लावलं.

"अगं बये, काय करतीस!"

"गाठी हाय, आत्या," ती म्हणाली. "साखर हाय. गाठी हाय ही."

मुलानं डॉक्टरणीला बोलावून आणलं. तिनं डिखळं बघितलं, पोरीचे ओठ बघितले. "रंग याचा असेल," ती म्हणाली. "तसं असेल तर चांगलंच. पण गाठी खाल्ली म्हणजे बी खाल्लं नाही, असं नाही होत. मुलगा होता ना बरोबर? त्याला नीट विचारा."

त्याला नीट विचारणं किती अवघड आहे ते तिला काय माहीत. मुलानं शेजारणीला फोन लावून नातवाला घ्यायला सांगितलं आणि फोन माझ्या हातात दिला.

"गाठी कुठं लपिवली व्हतीस?" मी विचारलं.

 "बियाच्या मागं," तो हळूच म्हणाला.

"तिथं का?"

"तिथं कोण हात लावत न्हाय."

बापानं विष म्हटल्यावर त्यानं लपवलेली गाठी तिकडं हलवली, एवढा विचार त्यानं केला होता. विषाच्या मागं ठेवलेली गाठी कुणी नेणार नाही. बहिणीला विष कळत नाही, भीती ठाऊक नाही, हे तेवढं त्याच्या हिशोबात राहिलं. ती गाठीच्या मागं गेली आणि घमेलं आडवं झालं.

"मग तिनं गाठी खाल्ली का?"

"हो."

"बी खाल्लं का?"

"हो."

"तुझ्या बापाला शिंगं हायेत का?"

"हो," नातू म्हणाला.

मी फोन मुलाला परत दिला. "ह्याच्याकडनं काय कळायचं न्हाई." मुलगा हसला. मग हसताहसता त्यानं तोंड फिरवून डोळे पुसले. मी तिकडे बघितलं नाही.

संध्याकाळपर्यंत पोरीला काही झालं नाही. उठून तिनं बिस्कीट मागितलं, नर्सची टोपी मागितली, समोरच्या खाटेवरच्या पोराचं खेळणं मागितलं. डॉक्टरणीनं पुन्हा तपासलं आणि घरी न्यायला सांगितलं. "जरा काही वाटलं तर लगेच आणा. आणि उद्या शी बघा तिची. एवढ्या लहान पोराला मका पचत नाही, आख्खाच्या आख्खा बाहेर पडतो. दिसला तर मला फोन करा. नाही दिसला तर नाही खाल्ला."

पिकअपवाला मार्केटचं काम उरकून आपणहून दवाखान्याच्या दाराशी येऊन उभा होता. अंधार पडायच्या आत त्यानं आम्हाला घरी सोडलं. रस्त्यात सकाळी पडलेली दोन्ही कॅरेट कुणीतरी उचलून बांधाला लावून ठेवली होती.

नातू शेजारणीच्या ओट्यावर बसलेला. दिवसभरात त्यानं काही खाल्लं नव्हतं, असं शेजारीण म्हणाली. मला बघून खाली उतरला आणि विचारलं, "मेली का?"

"न्हाई मेली. तुझी गाठी खाऊन आली."

तेव्हा तो जो रडायला लागला तो थांबेना. बहिणीसाठी रडला का गाठीसाठी, ते मी विचारलं नाही. विचारलं असतं तर दोन्हीला हो म्हणाला असता.

त्याच्या आईनं त्याला जवळ घेतलं. मी खोली झाडून बी गोळा केलं आणि मुलानं ते माळ्यावर ठेवलं. 

सकाळी बांधावरचं कॅरेट रिकामं होतं. वाघीण रात्रीतून आपली पिल्लं घेऊन गेली होती. वस्तीवरचे लोक तिचे ठसे बघायला गेले, त्याचे फोटो काढले. आमच्या घरातून कुणी गेलं नाही. आम्ही नातीच्या शीची वाट बघत होतो.

एरवी ही पोरगी उंबऱ्यात बसते, ओट्यावर बसते, पाव्हणे आले की मुद्दाम बसते. त्या दिवशी काही केल्या बसेना. सुनेनं केळ दिलं. मी तूपभात दिला. तो तिनं मोबाईलशिवाय खाल्ला आणि आम्ही एकमेकींकडे बघत राहिलो. मुलानं दुसरी पाळी धरली होती, पण डबा हातात घेऊन दारात उभा. "झाली का?" "न्हाई." "आता?" "तू जा रे बाबा, तू बघत ऱ्हायलास तर तिला व्हायची न्हाई." तो जाईना.

शेवटी ऊन वर आल्यावर पोरगी खेळताखेळता एकदम थांबली. चेहरा ओढला. सुनेनं तिला उचललं आणि गोठ्यामागं पळाली. मी वाटेत तुराटीची एक काडी उचलून मागोमाग. जुन्या पेपरावर तिला बसवलं. झाल्यावर तिला बाजूला उभी केली आणि आम्ही सासूसुना तिथं उकिडव्या बसलो. डोक्याला डोकं लागलेलं. मी काडीनं उलटंपालटं करत होते, सून दाखवत होती, "तिकडं बघा आत्या, त्या बाजूला. ते काय हाय?"

"केळाचं हाय ते."

"आन हे?"

"भात."

गुलाबी होती शी जराशी. गाठीचा रंग आतून बाहेर आला होता. पण दाणा नव्हता. मी पुन्हा एकदा सगळं उकरलं. सुनेनं माझ्या हातातली काडी घेऊन तिच्या हातानं एकदा उकरलं. दाणा नव्हता. अख्खा नव्हता, अर्धा नव्हता, सालही नव्हतं.

शेजारीण शेणाची पाटी घेऊन चालली होती. थांबली. "काय हारावलंय गं दोघींचं?"

"मका," मी म्हटलं.

"मग घावला का?"

"न्हाई घावला," सून म्हणाली, आणि मातीतच खाली बसली. तिला हसू यायला लागलं. काल सकाळपासून जे दाबून धरलं होतं ते सगळं बाहेर पडत होतं. तिला तसं हसताना बघून मलाही आलं. गोठ्याच्या कोपऱ्यावरून मुलाचं डोकं दिसत होतं. मी त्याला काडी हलवून सांगितलं, जा कामाला, काही नाही.

उघड्या बुडानं उभी असलेली नात आमच्याकडे बघून हसली. मग हात पुढं करून म्हणाली, "खाऊ."